बिस्मार्किया जागचा हलवायचा नाही

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

नागपूरच्या घराचं काम प्लास्टरपर्यंत आलं हे ऐकून तुझ्या आईला नि मला फार आनंद झाला. आपल्या आवारातला बिस्मार्किया पाम क्रेन लावून तुझ्या फाटकापाशी नेता येईल का, असं तू विचारलंस. मी नाही म्हटलं आणि तू गप्प झालीस. म्हणून सविस्तर लिहितो.

हे झाड मूळचं मादागास्करच्या कोरड्या माळरानावरचं. आपल्या वरूडकडचं पंचेचाळीस अंशांचं ऊन त्याला सोसतं, पण मुळाला धक्का लावलेला सोसत नाही. त्याचं बी रुजतं तेव्हा आधी एक जाड देठ खाली मातीत शिरतो आणि रोप त्याच्या टोकाशी, खोलवर तयार होतं. खोडसुद्धा पहिली काही वर्षं जमिनीखालीच भरतं. मोठं झाड हलवायचं तर नर्सरीवाले कित्येक महिने आधी टप्प्याटप्प्यानं मुळं छाटतात, आणि तरीही झाड दगावू शकतं. आपलं झाड मी त्या धोक्यात घालणार नाही.

परवा सकाळी त्याचं नवं पान उलगडत होतं. घड्या अजून मिटलेल्या, फाकांच्या मधून बारीक दोरे लोंबत होते. बोट फिरवलं तर रुपेरी मेण बोटाला लागलं आणि खालचा हिरवा रंग दिसला. ते मेण पुसू नये, उन्हापासून पानाचा बचाव त्यानंच होतो. एवढ्या उन्हाळ्यात, संत्र्याची पानं मलूल असताना, हे झाड असं ताठ उभं असतं, की वावरातून आल्यावर मी आधी त्याच्याकडेच जातो.

लाल देठांचा पाम मात्र घेऊ नकोस. फोटोत तो सुरेखच दिसतो. पण तो मलेशिया, सुमात्रा, बोर्निओच्या दलदलीतला. त्याला बारा महिने दमट हवा लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात कूलरसमोरसुद्धा ओठ फुटतात. हौस म्हणून झाडाला तडफडत ठेवणं मला पटत नाही. त्यापेक्षा बाटली पाम लाव. मॉरिशसजवळच्या राउंड बेटावर शेळ्या-सशांनी रोपं खाऊन खाऊन रानातली त्याची झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. आज तो जगभर दिसतो तो लोकांनी अंगणात वाढवला म्हणून. तुझ्या दारात एक वाढला तर मला खरंच समाधान वाटेल.

तुझ्या प्लॉटवर काळी माती आहे. पाणी साचलं की संत्र्याला जसा डिंक्या रोग लागतो, तशीच पामची मुळंही कुजतात. म्हणून खड्ड्यात मुरूम मिसळ आणि रोप जरा उंचवट्यावर बसव. शेणखताचा ढीग जवळ नको. गेंडा भुंगा त्यातच वाढतो आणि पामच्या शेंड्यात शिरतो. बिस्मार्किया काय, बाटली पाम काय, दोघांनाही शेंडा एकच. तो गेला की झाड गेलं, बाजूनं फुटवा येत नाही.

आणखी एक. माळी आला की खालची पिवळी पानंही साफ करतो, ते करू देऊ नकोस. पिवळ्या पानातलं पोटॅश झाड नव्या पानासाठी ओढून घेत असतं. पूर्ण वाळलं, की मगच काप.

तुझ्यासाठी बिस्मार्कियाचं एक रोप मी उंच पिशवीत वाढवलं आहे. पानांवर अजून जांभळट झाक आहे, रुपेरी रंग पुढे येईल. दोन बरे पाऊस झाले की जावईबापूंना घेऊन ये. गाडीत पिशवी आडवी करायची नाही, मागे उभी राहील एवढी जागा ठेव. आणि भिंतीपासून निदान दहा फूट सोडून खड्डा आधीच खणून घे, कारण एकेक पान पुढे माणसाहून रुंद होतं.

आईनं लिंबाचं लोणचं घातलंय, तेही न्यायचं आहे.

तुझे बाबा