कालरेषा प्रमाणात काढाव्यात

महोदय,

गोव्याच्या इतिहासावरील पुस्तिकांत १५१०, १९६१, १९६७ आणि १९८७ ही वर्षे कालरेषेवर बऱ्याचदा समान अंतरावर छापलेली दिसतात, आणि त्यामुळे पोर्तुगीज राजवटीची साडेचारशे वर्षे व मुक्तीपासून जनमत कौलापर्यंतची पाच-सहा वर्षे विद्यार्थ्याला एकाच मापाची वाटतात. शाळेच्या स्मरणिकेसाठी मी ‘लाटेक’ (LaTeX) या अक्षरजुळणीच्या संगणक-प्रणालीतील ‘टिक्झ’ (TikZ) ही टिल टांटाऊ यांनी आरंभलेली, आकृत्या काढण्याची मुक्त लायब्ररी वापरली. तीत वर्षातून आरंभवर्ष वजा करून, ठरलेल्या मापाने प्रत्येक मथळ्याची जागा गणिताने काढता येते. एका सेंटिमीटरला पंचवीस वर्षे धरली, तर १९६१ आणि १९६७ यांच्यात जेमतेम अडीच मिलिमीटर उरतात, म्हणून एक मथळा रेषेच्या वर आणि दुसरा खाली घ्यावा लागतो. (आमचे पहिले पान त्यावाचून वाचताच येईना.) देवनागरीसाठी ‘झीलाटेक’ (XeLaTeX) हा लाटेकचाच प्रकार वापरावा; युनिकोड टंक त्यात सरळ चालतात आणि जोडाक्षरे नीट उमटतात. एखादी तारीख बदलली, तरी आकृती पुन्हा काढावी लागत नाही. पुस्तिका तयार करणाऱ्या संस्थांनी पुढील आवृत्तीपूर्वी आपल्या कालरेषा अशा मापात काढून घ्याव्यात, ही विनंती.

– एक इतिहास शिक्षक, फोंडा