एका हायड्रोजनाचा पत्ता

पुणे,
१८ ऑक्टोबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. मी पाठवलेल्या छायाचित्रातला तो चमकदार, फिकट पिवळसर खडा पाहून "ही खडीसाखर कुठे मिळाली आणि तिच्यासाठी तू दीड वर्ष घरी का आला नाहीस?" असे तू विचारलेस. दिवाळीला येताना तो खडा घेऊन ये, असेही बजावलेस. दोन्ही गोष्टींचे उत्तर फोनवर देता येण्यासारखे नाही, म्हणून हे लांबलचक पत्र लिहितो आहे. बी.एस्सी.नंतर तू शेती पत्करलीस, तरी सेंद्रिय रसायनशास्त्राच्या तासाला माझ्या वहीतल्या चुका तूच काढत होतास हे मी विसरलेलो नाही, त्यामुळे फारशी काटछाट न करता लिहितो.

तो खडा आयसोफ्लेव्होन कुळातल्या एका संयुगाचा एकल स्फटिक आहे. फ्लेव्होन तुला आठवत असेल: एका बेंझिन वलयाला चिकटलेले ऑक्सिजनयुक्त वलय, त्यावर चौथ्या कार्बनाशी कार्बोनिल, म्हणजे दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन, आणि दुसऱ्या कार्बनावर लटकलेले आणखी एक फेनिल वलय. हे शेवटचे वलय दुसऱ्याऐवजी तिसऱ्या कार्बनावर गेले की झाला आयसोफ्लेव्होन. ही संयुगे मुख्यतः शेंगावर्गीय वनस्पतींत सापडतात, म्हणजे खरिपात आणि रब्बीतही तू ती एकरांच्या हिशेबाने पिकवतोसच. सोयाबीनमधली डाइडझीन आणि जेनिस्टीन ही नावे तू ऐकली असशील, पण मला अधिक जवळचा वाटतो तो हरभरा. १९४५ च्या सुमारास भारतातच, मोड आलेल्या हरभऱ्यातून काही स्फटिकी द्रव्ये वेगळी काढली गेली आणि त्यांना 'बायोचॅनिन' असे नाव मिळाले. त्यातला 'चॅनिन' म्हणजे आपला चनाच. बायोचॅनिन-बी हे पुढे फॉर्मोनोनेटिन ठरले, म्हणजे सातव्या कार्बनावर हायड्रॉक्सिल आणि टोकाच्या फेनिल वलयावर मिथॉक्सी गट असलेला आयसोफ्लेव्होन. माझ्या कामाची सुरुवात याच फॉर्मोनोनेटिनपासून झाली, मात्र मी ते उसळीतून न काढता फ्लास्कमध्ये बनवले, कारण मला ते ग्रॅमच्या हिशेबाने हवे होते.

बनवण्याची कृती माझी नव्हे. रेसॉर्सिनॉल आणि ४-मिथॉक्सीफेनिल ॲसिटिक आम्ल बोरॉन ट्रायफ्लोराइड इथरेटमध्ये तापवले की दोघांचे मिळून डीऑक्सीबेंझोइन तयार होते. त्याच्या रेणूत पंधरा कार्बन आहेत, आणि फॉर्मोनोनेटिनला सोळा लागतात. वलय बंद करायला कमी पडणारा हा एक कार्बन डायमिथिल फॉर्मामाइड, म्हणजे आपले डीएमएफ, देते. त्याला मिथेनसल्फोनिल क्लोराइडने डिवचावे लागते. हेलसिंकीच्या वॅहॅला आणि हासे या दोघांनी १९९१ मध्ये हे दोन्ही टप्पे एकाच भांड्यात, मधला पदार्थ बाहेर न काढता, करून दाखवले. ज्या डीएमएफला आपण आयुष्यभर नुसते द्रावक समजत आलो, ते स्वतःचा कार्बन काढून देते, ही गोष्ट मला अजूनही सुंदर वाटते.

कागदावर हे सरळ असले तरी मी ते ऐन जुलैत करायला घेतले, हा माझा शहाणपणा. बोरॉन ट्रायफ्लोराइड इथरेटला ओलावा मुळीच सोसत नाही. बाटलीचे झाकण उघडले की पांढरा धूर निघतो आणि पुण्याच्या पावसाळी हवेत तो जरा जास्तच निघतो. आमच्या कपाटातली बाटली जुनी होती, तिच्यातला द्रव चहासारखा तपकिरी झाला होता, आणि तरीही "चालून जाईल" म्हणत मी तोच वापरला. पहिल्या दोन खेपांत डांबर मिळाले. तिसऱ्या वेळी इथरेट ऊर्ध्वपातित करून घेतले, भांडी रात्रभर ओव्हनमध्ये ठेवली, आणि मग कुठे टीएलसी पट्टीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगवेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर, अतिनील दिव्याखाली नवा, स्वच्छ ठिपका दिसला. एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूतले हायड्रोजन कुठे बसले आहेत ते सांगणाऱ्या आलेखात, ८.३ च्या आसपास एकटा उभा असलेला सिंगलेट, म्हणजे न दुभंगलेली रेघ, दिसला तेव्हा जीव भांड्यात पडला. तो दुसऱ्या कार्बनावरचा हायड्रोजन. आयसोफ्लेव्होनचे वलय बंद झाले की नाही हे तोच सांगतो.

आता बदलाविषयी. फॉर्मोनोनेटिन, फॉर्माल्डिहाइड आणि डायमिथिल अमीन इथेनॉलमध्ये एकत्र तापवले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि आयसोफ्लेव्होनच्या अंगावर डायमिथिल ॲमिनोमिथिल गट बसतो. ही मॅनिक अभिक्रिया, कार्ल मॅनिक यांच्या १९१२ च्या कामावरून नाव पडलेली. कीव्हमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी आयसोफ्लेव्होनांवर ती फार मोठ्या प्रमाणावर वापरली आहे. सातव्या हायड्रॉक्सिलच्या दोन्ही शेजारी, सहाव्या आणि आठव्या कार्बनावर, जागा मोकळी असते, पण नवा पाहुणा आठव्यावरच उतरतो. हे कळायला स्फटिक लागत नाही. सहाव्यावर बसला असता तर पाचवा आणि आठवा हायड्रोजन एकमेकांपासून दूर राहून दोन सिंगलेट दिले असते. मला मिळाले ते ८.८ हर्ट्झने दुभंगलेले दोन डबलेट, म्हणजे पाचवा आणि सहावा अजून शेजारी नांदत आहेत. आणखी एक गंमत म्हणजे मूळ फॉर्मोनोनेटिन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळायला कुरकुरते, अडीचशे अंशांच्या वर वितळते, आणि हा नवा पदार्थ मात्र क्लोरोफॉर्ममध्ये टाकताच नाहीसा झाला. असे का, हे मला त्या दिवशी कळले नाही.

"मग स्फटिक कशाला?" असे तू विचारशील. सातव्या कार्बनावरचे हायड्रॉक्सिल साधे नाही. कार्बोनिल त्याच्या बरोबर समोर, पॅरा स्थानी, असल्यामुळे ते नेहमीच्या फिनॉलपेक्षा अधिक आम्लधर्मी असते. त्याच्या शेजारी आता मी एक अमीन, म्हणजे आम्लारी, आणून बसवले होते. मग हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन स्वतःच्या ऑक्सिजनकडेच राहिला की अमीनच्या नायट्रोजनकडे गेला? राहिला असेल तर रेणू उदासीन, गेला असेल तर एका टोकाला ऋण आणि दुसऱ्याला धन प्रभार घेतलेला. घन अवस्थेत तो नेमका कुठे आहे, एवढाच माझा प्रश्न होता.

स्फटिक वाढवणे हे खडीसाखरेच्याच जातीचे काम आहे, फक्त दोरा नाही आणि घाई अजिबात चालत नाही. इथेनॉलमधून प्रथम सुयांचे झुपके आले. दिसायला देखणे, पण क्ष-किरणांच्या दृष्टीने कुचकामी, कारण प्रत्येक सुई म्हणजे अनेक स्फटिकांची जुडी होती. शेवटी अरुंद नळीत इथिल ॲसिटेटच्या द्रावणावर हेक्झेनचा थर अलगद सोडला, तोंडाला ॲल्युमिनियमचा कागद लावून त्याला टाचणीने दोन भोके पाडली आणि नळी खिडकीपासून दूर, फळीच्या कोपऱ्यात ठेवली. अकराव्या दिवशी तळाशी ठोकळे दिसले. सूक्ष्मदर्शकाखाली फिरवताना जो ठोकळा एकदम उजळतो आणि एकदम काळा होतो तो चांगला, आणि तुला पाठवलेले छायाचित्र अशाच एकाचे आहे. लांबी तिळाच्या दाण्याहून कमी, जेमतेम अर्धा मिलिमीटर.

डिफ्रॅक्टोमीटर आमच्याकडे नाही. दुसऱ्या एका संस्थेत रांगेत थांबून वेळ मिळाला. तिथे मॉलिब्डेनमच्या नळीतून येणारे ०.७१०७३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) तरंगलांबीचे क्ष-किरण स्फटिकावर पडतात, स्फटिक हळूहळू फिरतो आणि शोधकावर हजारो ठिपके नोंदले जातात. लाऊए यांनी १९१२ मध्ये दाखवलेली आणि ब्रॅग पितापुत्रांनी उपयोगात आणलेली युक्ती तीच आहे. अडचण एवढीच की ठिपक्याची तीव्रता मोजता येते, त्या लहरीची कला, म्हणजे ती चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, हरवते, आणि कलेशिवाय इलेक्ट्रॉनांचा नकाशा काढता येत नाही. ती कला गणिताने परत मिळवण्याच्या पद्धतीसाठी हॉप्टमन आणि कार्ल यांना १९८५ चे नोबेल मिळाले, आणि आज त्यांचे ते काम माझ्यासारख्याच्या संगणकावर चहा संपायच्या आत होते. म्हणूनच फसायला होते.

माझा स्फटिक मोनोक्लिनिक निघाला, त्याचा अवकाशगट, म्हणजे रेणूंच्या मांडणीचा साचा, पी-२१-बाय-सी, सेंद्रिय स्फटिकांतला सर्वांत सामान्य, जसा आपल्याकडे पाटील. सांगाडा पहिल्याच प्रयत्नात दिसला. मी आनंदाने कार्बनांवर, ऑक्सिजनावर ठरलेल्या जागी हायड्रोजन बसवण्याची आज्ञा दिली, आकडे सुधारले, आर-गुणक, म्हणजे मोजमाप आणि माझी रचना यांतली तफावत, पाच टक्क्यांच्या खाली आला, आणि हायड्रोजन ऑक्सिजनवरच आहे असे सांगत मी सरांकडे गेलो. त्यांनी चित्र पाहिले आणि एवढेच विचारले, "हा हायड्रोजन तुला तिथे दिसला, की तू तिथे ठेवलास?"

मी ठेवला होता. प्रश्न ज्या एका अणूचा, त्याचेच उत्तर मी आज्ञावलीत स्वतः भरले होते आणि वर तिने ते मला परत दिले म्हणून खूश झालो होतो. त्या रात्री मला झोप आली नाही हे तुला सांगायला हरकत नाही.

अडचण खरी आहे. क्ष-किरणांना अणुकेंद्र दिसत नाही, इलेक्ट्रॉन दिसतात. माझ्या रेणूत एकूण १७२ इलेक्ट्रॉन आहेत आणि या हायड्रोजनच्या वाट्याला त्यातला एक, तोही बंधाकडे ओढला गेलेला, त्यामुळे क्ष-किरणांनी मोजलेला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध नेहमी खऱ्यापेक्षा आखूड दिसतो. न्यूट्रॉन वापरले तर केंद्रच दिसते, आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव अणुभट्टीवर तशी सोयही आहे, पण त्यासाठी माझ्या तिळापेक्षा कितीतरी मोठा स्फटिक लागतो.

मी तो हायड्रोजन काढून टाकला, बाकी सगळे पुन्हा सुधारले, आणि उरलेल्या इलेक्ट्रॉनांचा फरक-नकाशा काढला. ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्या मध्ये, ऑक्सिजनला लागून, एक उंचवटा दिसला. पण इतक्या लहान, एकट्या उंचवट्यावर मी विसंबणार नव्हतो. म्हणून शेजाऱ्याची साक्ष घेतली. सातव्या कार्बनापासून ऑक्सिजनपर्यंतचे अंतर दोन जड अणूंमधले असल्याने भरवशाचे असते. हायड्रोजन निघून गेला असता तर हा बंध आखडून १.२९-१.३० अँगस्ट्रॉमच्या घरात आला असता. माझ्या स्फटिकात तो १.३५ आहे, म्हणजे साध्या फिनॉलचा. हायड्रोजन ऑक्सिजनकडेच आहे. मात्र तो नायट्रोजनकडे तोंड करून बसला आहे, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्यात जेमतेम २.६ अँगस्ट्रॉमचे अंतर राहिले आहे आणि हायड्रोजन बंधाने सहा अणूंचे एक नवे वलय तयार झाले आहे.

विरघळण्याचे कोडेही इथेच सुटले. फॉर्मोनोनेटिनमध्ये हायड्रॉक्सिल शेजारच्या रेणूचा हात धरू शकते, म्हणून ती रचना घट्ट. माझ्या रेणूत तोच हात स्वतःच्याच अमीनमध्ये गुंतला आहे. बाहेरच्यांशी नाते उरते ते कार्बनावरच्या हायड्रोजनांच्या दुबळ्या ओढीचे आणि एकावर एक रचलेल्या वलयांचे. क्लोरोफॉर्मला ते मोडायला फारसे कष्ट पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट तुझ्यासाठी मुद्दाम लिहितो, कारण तू माझ्या वहीत हे रेणू नेहमी सपाट काढायचास. रेणू सपाट नाही. जोडवलय चांगले सपाट आहे, पण मिथॉक्सी असलेले फेनिल वलय त्याच्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून वळले आहे. एका बाजूला कार्बोनिलचा ऑक्सिजन, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या कार्बनावरचा हायड्रोजन, या दोघांच्या मध्ये त्याला सरळ उभे राहायला जागाच नाही.

आई विचारते की याचे औषध होईल का. तिला सांग, मी औषध शोधत नव्हतो. आणि याच कुळातल्या इप्रिफ्लेव्होनची हाडांच्या ठिसूळपणावर खूप वाखाणणी झाली होती, पण २००१ मध्ये ४७४ स्त्रियांवरच्या चाचणीत हाडांना फायदा दिसला नाही, उलट काहींच्या रक्तातल्या लिंफोसाइट पेशी कमी झाल्या. घरच्या मोड आलेल्या हरभऱ्याला मात्र माझी हरकत नाही.

रचनेची फाइल संगणकीय तपासणीत टाकली आहे. त्या हायड्रोजनबद्दल एक सूचना अजून येते आहे, तिला फरक-नकाशा जोडून उत्तर लिहायचे उरले आहे. राहिले तुझे मागणे. छायाचित्रातला तो स्फटिक मोजमाप झाल्यावर काचेच्या टोकावरून काढताना माझ्याच हाताने फुटला. त्याच नळीतले चार-पाच ठोकळे हिरव्या झाकणाच्या छोट्या बाटलीत भरून ठेवले आहेत, ते दिवाळीला आणतो. वहिनींना आधीच सांगून ठेव, स्वयंपाकघरात ठेवायचे नाहीत.

तुझा,
विनायक