जिऑलॉजीच्या पोरांना फील्ड परवडू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी स्वतः जिऑलॉजीवाली, सातारा-सांगली पट्ट्यात विहिरी-बोअरसाठी पाणी बघायचं काम करते आणि सुट्टीत बी.एस्सी.ची पोरं शिकायला सोबत येतात, त्यांच्याकडून जे ऐकते आणि बघते त्यावरून हे पत्र. चांगली हुशार पोरं फील्डला मागं पडतात, मग हळूहळू विषयच सोडतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा अभ्यास नसतो, पैसा, बूट आणि संडास असतो, हे स्पष्टच लिहिते.

आपल्या राज्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक, तेही जवळजवळ आडवे. आडव्या थरावर डिप-स्ट्राइक, म्हणजे थर किती आणि कुठल्या दिशेला कललाय याचं माप, काय घेणार? म्हणून घड्या आणि कललेले थर बघायला कॉलेजं बदामी-बागलकोट, राजस्थान नाहीतर कच्छला टूर काढतात, आणि ती टूर हवीच, त्याबद्दल वादच नाही. पण रोजंदारीवर जाणाऱ्या घरात एकदम काही हजार कुठून आणायचे? मग पोरगं "आजारी होतो" असं सांगून घरी थांबतं आणि नंतर मित्राच्या वहीवरून रिपोर्ट उतरवतं, मार्क पडतात पण खडक काही बघितलेला नसतो. माझं म्हणणं एवढंच की जो विषय फील्डशिवाय शिकताच येत नाही त्याचा फील्डचा खर्च फी आणि स्कॉलरशिपमध्येच धरा, प्रॅक्टिकलच्या केमिकलचे पैसे आपण पोरांकडून दर वेळी वेगळे मागतो का?

मुलींचं तर बोलायलाच नको. एक मुलगी सांगत होती, सकाळी बसमध्ये बसल्यापासून ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही कारण घाटात दिवसभर आडोसा नसतो, दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं, ती सावलीत जाऊन बसते, आणि सरांना वाटतं हिला इंटरेस्ट नाही. यावर उपाय अगदी साधा आहे हो, आदल्या दिवशी रूट ठरवताना पेट्रोल पंप, शाळा, ग्रामपंचायत कुठं लागते ते बघून थांबे ठरवायचे आणि ते सगळ्यांना आधीच सांगायचे, पाळी असेल त्या दिवशी काय करायचं हेही बाईंनी मोकळेपणानं बोलायचं, आणि पालकांना मुक्काम कुठं, सोबत कोण हे लेखी कळवायचं, निम्म्या घरांची भीती तिथंच कमी होते.

तिसरी गोष्ट सामानाची. वीस पोरांत एक ब्रंटन (थराचा कल आणि दिशा मोजायचं होकायंत्र) असेल तर ते पुढं घुसणाऱ्या दोघा-तिघांच्याच हातात राहतं, बाकीचे रीडिंग लिहून घेतात, आणि असं करत थर्ड इयर संपतं तरी त्यातला पातळी दाखवणारा बबल मधोमध कसा आणायचा ते काहींना येत नाही. जोड्या लावून आळीपाळीनं द्या, आणि मोठ्या टूरच्या आधी जवळच्या जवळ अर्ध्या-अर्ध्या दिवसाचं फील्ड करा, पुण्याच्या पोरांना कात्रज, दिवे घाट आहे, पूर्ण दिवस काढला तर निघोजचे रांजणखळगे आहेत. अहो साधी गावातली विहीर घ्या, काळा पाषाण कुठं संपतो, मांजऱ्या (बारीक भोकांचा मऊसर खडक) कुठून लागतो, मधला लाल गेरूचा थर आणि त्याच्या आसपास पाझरणारं पाणी, हे काठावर उभं राहून बघितलेलं पोरगं पुढं कधी विसरत नाही. शेतकऱ्याची पोरं तर यात सगळ्यात पुढं असतात, त्यांना फक्त कुणीतरी विचारायला पाहिजे की तुमच्या विहिरीत काय लागलं.

नवीन शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट दिलेत, चांगलं झालं, पण क्रेडिटनं गाडीभाडं भागत नाही. 2014 ला माळीण, 2021 ला तळिये, 2023 ला इर्शाळवाडी, दर वेळी डोंगर खाली आल्यावर आपण विचारतो सर्वे का नव्हता झाला, अहो सर्वे करणारी माणसं हीच पोरं आहेत ना, ती सेकंड इयरलाच गळाली तर उद्या डोंगर चढून भेगा कोण बघणार?

विद्यापीठांनी आणि सरकारनं खर्चाचं बघावंच, पण तोपर्यंत आपल्यासारख्या जुन्या विद्यार्थ्यांनाही काहीतरी करता येईल. ज्यांच्या कपाटात ब्रंटन, हँडलेन्स, हातोडी, चांगल्या स्थितीतले बूट नुसते पडून आहेत त्यांनी जवळच्या कॉलेजच्या डिपार्टमेंटला नेऊन द्यावेत, आणि जे खाणीवर, बोगद्यावर, धरणावर कामाला आहेत त्यांनी साहेबांची परवानगी काढून वर्षातून एक दिवस तरी पोरांना साइटवर बोलवावं, जेवणासकट.

आपली,
एक भूशास्त्र पदवीधर, सातारा