जॉर्ज इन नीट पाहा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडमधल्या बाथ शहरावरचा लेख आवडला. मात्र तिथून दक्षिणेला जेमतेम १० किलोमीटरवर असलेल्या नॉर्टन सेंट फिलिप गावाची बोळवण ‘जुन्या पबमध्ये बिअर घ्या’ एवढ्या एका ओळीत केलेली पाहून वाईट वाटले. माझी सगळी नोकरी सरकारी बांधकाम खात्यात गेली. मुलगी बाथला असते. तिच्याकडे गेलो की गावातला हा पब, म्हणजे ‘जॉर्ज इन’ ही जुनी सराई, पाहिल्याशिवाय माझे पाऊल परत फिरत नाही.

ही सराई चौदाव्या शतकात जवळच्या हिंटनच्या कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या मठाने उभारली. गावात लोकरीचा आणि कापडाचा बाजार भरे. व्यापाऱ्यांची उतरण्याची सोय इथे होई, मालही इथेच ठेवला जाई. खालचा मजला दगडी आहे. त्यावरचे दोन लाकडी मजले पंधराव्या शतकाच्या अखेरचे, आणि खरे कसब तिथे आहे. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा रस्त्यावर झुकलेला. तुळयांची टोके भिंतीबाहेर काढून त्यांवर वरची भिंत उभी केली आहे. तिच्या भाराने टोके खाली दाबली जातात आणि खोलीच्या मध्यभागी तुळई कमी वाकते. वर जागा वाढते ती वेगळीच. हे सगळे आकडेमोडीच्या पुस्तकांआधी सुतारांना हाताने कळले होते! सांध्यांत लाकडी खुंट्या आहेत, त्या जवळ जाऊन जरूर पाहाव्यात.

१२ जून १६६८ रोजी आरमाराचा कारभारी सॅम्युएल पेपिस सहकुटुंब या गावात जेवला; १० शिलिंग खर्च झाल्याचे त्याने टिपून ठेवले आहे. १६८५च्या जूनमध्ये राजाविरुद्ध बंड केलेल्या ड्यूक ऑफ मॉनमथचा मुक्काम इथे होता, आणि २७ तारखेला गावातच राजाच्या फौजेशी चकमक झडली. पुढे सेजमूरला तो हरला आणि जुलैत त्याचे शिर उडवले गेले.

१५३९ मध्ये मठ बंद झाला, सराई मात्र चालूच राहिली. आज ती पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे, तरी तिथे जेवण मिळते, मुक्कामही करता येतो. वापर थांबला नाही म्हणून छप्पर शाबूत राहिले, असे माझे ठाम मत आहे.

पुढच्या लेखात या इमारतीला निदान अर्धा रकाना द्यावा आणि छायाचित्र मागच्या अंगणातून घेतलेले छापावे. रस्त्याकडून सगळेच काढतात.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, नाशिक