शनिवारची जॉन्स्टन कॅन्यन सहल

नमस्कार मंडळी, शनिवारी बॅन्फजवळच्या जॉन्स्टन कॅन्यनला जायचं नक्की झालं आहे. गाड्या कॅलगरीहून सकाळी सहाला निघतील. उशीर केला तर पार्किंग मिळणं कठीण. नॅशनल पार्कचा पास हवाच. खालचा धबधबा साधारण सव्वा किलोमीटरवर, वरचा अडीचवर. खालपर्यंतची वाट सोपी आहे, आजी-आजोबांना जरूर आणा. चुनखडीच्या कड्याला बसवलेल्या अरुंद वाटेवरून चालताना पाणी अगदी पायाखालून धावतं. खालच्या धबधब्यापाशी छोटा बोगदा आहे, आत तुषार अंगावर येतात. रांग असली तरी तो चुकवू नका. वाट ओली असते, बूट घाला, चपला नकोत. कठडा ओलांडून कुणीही उतरू नये, मुलांना आधीच सांगून ठेवा: ब्लॅक स्विफ्ट हे दुर्मीळ पक्षी याच कड्यांत घरटी करतात. डबा, पाणी, जॅकेट सोबत घ्या. नावं गुरुवारपर्यंत कळवा.