लेव्हल कुठे बंद होणार, हे आधी ठरवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईत मेट्रो, मलवाहिन्या, पावसाळी नाले आणि रस्त्यांची कामे जागोजागी चालू आहेत. या प्रत्येक कामाचा पाया जमिनीच्या सर्वेक्षणावर असतो. तरीही माझ्या नजरेखालून गेलेल्या बहुतेक निविदांमध्ये सर्वेक्षणाच्या वाट्याला ‘आवश्यक ते सर्वेक्षण ठेकेदाराने स्वखर्चाने करावे’ एवढी एकच ओळ आली होती. मी तीस वर्षांहून अधिक काळ लेव्हल (उंचीतला फरक मोजण्याची दुर्बीण) आणि टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) यांवर काम केले आहे. सर्वेक्षणाचा गुणवत्ता आराखडा, म्हणजे मापे कशी घ्यायची आणि कशी तपासायची याचा कागद, काम सुरू होण्यापूर्वी लेखी तयार झाला पाहिजे आणि त्याचे पैसेही निविदेत स्वतंत्र बाब म्हणून धरले पाहिजेत, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी नवी मुंबईत खाडीलगत एका पावसाळी नाल्याच्या लेव्हल, म्हणजे तळाच्या उंचीच्या खुणा, देण्याचे काम माझ्याकडे होते. आधीच्या तुकडीने जवळच्या मोरीच्या कठड्यावर लाल रंगाचा बाण काढून टीबीएमचा, म्हणजे तात्पुरत्या बेंचमार्कचा (उंची माहीत असलेल्या खुणेचा), आकडा लिहून ठेवला होता. तो ड्रॉइंगमधल्या आकड्याशी जुळत होता, म्हणून मीही तोच धरून काम सुरू केले. तळाचे काँक्रीट बऱ्याच लांबीपर्यंत पडल्यानंतर पलीकडच्या पक्क्या बेंचमार्कवर लेव्हल बंद करायला, म्हणजे मोजत आणलेली उंची तिथल्या ठाऊक उंचीशी ताडून पाहायला गेलो, तेव्हा ७ सेंटिमीटरचा फरक निघाला. यंत्राची टू पेग टेस्ट (दुर्बिणीची रेषा आडवी आहे का, याची चाचणी) केली, स्टाफ (मोजपट्टी) बदलला, सगळी धाव, म्हणजे खुणेपासून खुणेपर्यंतची मोजणी, उलट दिशेने पुन्हा घेतली, तरी फरक तेवढाच राहिला. यंत्रात काहीच दोष नव्हता; खाडीच्या मऊ चिखलावरच्या भरावात उभी असलेली ती मोरीच खचली होती आणि तिच्यावरचा आकडा मात्र जुनाच राहिला होता. नाल्याला २००० मीटरला १ मीटर एवढाच उतार होता, म्हणजे ७ सेंटिमीटरमध्ये १४० मीटर लांबीचा उतार गेला. आमचा तळ खाली आणि पुढचा, आधीच बांधलेला भाग वर, अशी स्थिती झाल्याने पाणी तिथेच साचणार हे उघड होते. शेवटी काँक्रीट फोडावे लागले. आमच्यापैकी कोणी कामचुकार नव्हते, पण लेव्हल कोणत्या खुणेवरून उचलायची आणि कोणत्या खुणेवर बंद करायची, हे कामाआधी कोणीही कागदावर लिहिलेले नव्हते.

आपल्या भागात याचे महत्त्व अधिक आहे. नवी मुंबईचा बराचसा भाग खारजमिनीवर भराव टाकून वसलेला आहे आणि मोठ्या भरतीच्या वेळी खाडीचे पाणी शहराच्या काही भागांपेक्षा उंच असते. म्हणून तर सिडकोने पावसाचे पाणी भरती ओसरेपर्यंत साठवणारे धारण तलाव बांधले आणि भरतीच्या पाण्याने आपोआप बंद होणारे दरवाजे बसवले. अशा ठिकाणी नाल्याच्या तळाचा प्रत्येक सेंटिमीटर मोलाचा असतो.

आराखड्याच्या पहिल्याच पानावर उंची कशापासून मोजली आहे, ते स्पष्ट लिहिलेले असावे. खाडीच्या कामात काही आकडे समुद्राच्या सरासरी पातळीपासून घेतलेले असतात, तर काही नाविक नकाशांच्या शून्य पातळीपासून, आणि मुंबई परिसरात या दोन पातळ्यांत सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान मोजणारे यंत्र, मुळात जी उंची देते, ती तर तिसऱ्याच पृष्ठभागापासूनची असते आणि आपल्याकडे ती समुद्रपातळीच्या हिशेबापेक्षा साठ मीटरहून अधिक वेगळी येते. एवढी मोठी चूक कोणाच्याही लगेच ध्यानात येते. मला काळजी वाटते ती रूपांतर करताना राहून जाणाऱ्या दहा-पंधरा सेंटिमीटरची, कारण ती ड्रॉइंगमध्ये दिसत नाही आणि पहिल्या मोठ्या पावसातच उघडी पडते. आडव्या मापांचेही तसेच आहे. यूटीएम (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची एक पद्धत) वापरलेल्या नकाशावरचे १ किलोमीटर अंतर ठाण्यात प्रत्यक्ष जमिनीवरच्या अंतरापेक्षा सुमारे १५ सेंटिमीटरने जास्त भरते. लांब पुलाच्या किंवा बोगद्याच्या कामात हे आधीच नोंदवून ठेवले नाही, तर दोन ठेकेदारांच्या खुणा एकमेकींना मिळत नाहीत.

किती चूक चालेल, याची मर्यादाही आधीच ठरलेली असावी. काळजीपूर्वक केलेल्या लेव्हलिंगसाठी अंतराच्या किलोमीटरमधील वर्गमुळाला १२ मिलिमीटरने गुणण्याचा नियम अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. त्यानुसार ४ किलोमीटरच्या धावेत २४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. हाच आकडा काम झाल्यावर ठरवला, तर हाती आलेल्या फरकाच्या मापाने मर्यादा शिवली जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. ठाण्याच्या जुन्या गल्ल्यांतून आणि गावठाणांतून रोव्हर वापरताना आजूबाजूच्या इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या संकेतांमुळे यंत्र ‘फिक्स’ (स्थान पक्के झाले) असे दाखवूनही चुकीचे स्थान देऊ शकते. त्यामुळे महत्त्वाचा प्रत्येक बिंदू काही तासांच्या अंतराने दोनदा घ्यावा, अशी अटही आराखड्यात हवी.

यातला सर्वांत कठीण भाग पैशांचा आहे. सगळे काम एकरकमी ठरले की कमी दराची निविदा भरणारा सर्वांत आधी परतीची धाव आणि फेरतपासणी गाळतो. त्याला पूर्ण दोष देणेही योग्य नाही, कारण त्या दिवसांचे पैसे त्याला कोणी देत नाही. म्हणून लेव्हल बंद करण्याचे काम प्रति किलोमीटर दराने वेगळे मोजावे, निदान दर दहापैकी एक बिंदू दुसऱ्या तुकडीने दुसऱ्या यंत्राने तपासावा, आणि त्या तुकडीची नेमणूक ठेकेदाराने न करता थेट काम देणाऱ्या संस्थेने करावी. यंत्रांची कॅलिब्रेशन (अचूकता तपासणी) प्रमाणपत्रे, न खोडलेले फील्ड बुक (मोजणीची वही) आणि यंत्रातील मूळ नोंदींची फाइल जमा झाल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये.

दोन्ही महापालिकांना आणि सिडकोला माझी आणखी एक विनंती आहे. आपापल्या हद्दीतील बेंचमार्कची यादी, प्रत्येक खूण कोणत्या बांधकामावर आहे आणि ती शेवटची कधी तपासली, या माहितीसह संकेतस्थळावर ठेवावी. भरावावरच्या खुणा दर पावसाळ्यानंतर खडकावरच्या खुणेशी पुन्हा जोडून घ्याव्यात आणि ज्या खचल्या असतील त्यांच्यावरचा रंग पुसून टाकावा.

आपला,
एक निवृत्त सर्वेक्षक, कळवा, ठाणे