आमच्यावर लगेच विश्वास न ठेवल्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, पण तुमचं नाव त्यात नाही. 'लिही खुशाल, मला त्यात ओढू नकोस' ही तुमची अट होती. ज्यांनी आरोप केला त्यांचंही नाव इथे नाही, आणि ती अटही तुमचीच. आभार खरं तर घरी येऊन मानता आले असते. पण छोटा धंदा चालवणाऱ्या आणखी कुणावर असा प्रसंग आला, तर त्याला तुमच्यासारखं माणूस भेटेलच असं नाही. निदान तुम्ही काय केलंत ते त्याला वाचायला मिळावं.

काय झालं ते इतरांसाठी थोडक्यात सांगतो. आमचं लॅपटॉप दुरुस्तीचं लहानसं काम. मी, माझी बायको आणि टेबलावर बसणारा एक मुलगा, एवढाच पसारा. एका ग्राहकाच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. ती काढून ५१२ जीबीची एसएसडी (नव्या प्रकारची, वेगवान डिस्क) बसवली, जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवून दिलं आणि जुनी डिस्क सही घेऊन परत केली. काही दिवसांनी रात्री रिव्ह्यू आला, एक ताऱ्याचा. '५१२ चे पैसे घेतले आणि ४७६ ची डिस्क बसवली. वर आमचे घरचे फोटो उघडून पाहिले. चोर आहेत, जाऊ नका.' सकाळपर्यंत त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांमधून फिरत होता. एका ठिकाणी कुणीतरी आमच्या मुलाचं वर्णनही टाकलं होतं, 'तो टेबलावरचा, चष्मेवाला.' दुरुस्तीला आलेल्या मशीन लोक अर्धवट कामातच परत न्यायला लागले.

त्या दिवसांत सल्ल्यांना तोटा नव्हता. मेहुणे म्हणाले, अब्रुनुकसानीची नोटीस ठोका. मित्रमंडळी म्हणाली, आम्ही पन्नास जण पाच-पाच तारे टाकतो, बुडवून टाकू त्याला. कुणी म्हणालं, चोराच्या उलट्या बोंबा, तूही त्याची लाज काढ. आणि जे शांत स्वभावाचे होते ते म्हणाले, कर नाही त्याला डर कशाला, गप्प बस. (ही म्हण स्क्रीनशॉट निघायच्या आधीची आहे. हल्ली कर नसलेल्यालाच जास्त डर असते, कारण त्याच्याकडे उत्तर तयार नसतं.) या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. आम्ही चोर नाही हे ते न विचारताच धरून चालले होते. तेव्हा त्याचा फार आधार वाटला होता.

तुम्ही मात्र आलात, चहाला नको म्हणालात आणि विचारलंत, "हे खोटं आहे, हे तुला कशावरून माहीत?"

खरं सांगतो ताई, त्या क्षणी मला तुमचा राग आला होता. आयुष्यभर तक्रार विभागात काढलेल्या बाईला समोरचा प्रत्येक माणूस आरोपीच दिसत असणार, असंही मनात येऊन गेलं. तुम्ही ते ओळखलंत बहुतेक. म्हणालात, "मी तुझी ताई म्हणून विश्वास ठेवला तर त्याचा उपयोग शून्य. वाचणारा तुला ओळखत नाही. त्याला जे दाखवता येईल, तेच आधी मला दाखव."

मग तुम्ही त्या रिव्ह्यूचे दोन तुकडे केलेत. एक डिस्कचा, एक फोटोंचा. आम्ही तोवर तो सगळा मजकूर एकच आरोप म्हणून वाचत होतो आणि एकच उत्तर देऊ पाहत होतो.

डिस्कचं उत्तर आमच्या धंद्यातल्या कुणालाही तोंडपाठ असतं. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज तीच बेरीज १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरी पुढे 'जीबी' असंच लिहितं. म्हणून ५१२ ची डिस्क पडद्यावर ४७६ दिसते, १ टीबीची ९३१. एक बाइटही कमी झालेला नसतो. हे मी तुम्हाला घडाघडा सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, "हे मी का मानू? तू दुकानदार आहेस, तू असंच सांगणार." पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढलात. त्याच्या कागदांवर २५६ लिहिलेलं होतं, पडद्यावर २३८ दिसलं. तो लॅपटॉप तुम्ही आमच्याकडून घेतलेला नव्हता, आमचा हातही त्याला कधी लागला नव्हता. तिथे तुम्ही पहिल्यांदा मान डोलावलीत. "हे लिही. १०२४ चं गणित शेवटी, आधी हे, की तुमच्या घरातला विंडोजचा कुठलाही लॅपटॉप उघडून बघा."

त्यानंतर बिलावरचा सिरीयल नंबर, डिस्कवरचा नंबर, जॉब कार्ड, जुन्या डिस्कच्या पावतीवरची सही, सगळं टेबलावर मांडून घेतलंत. मूळ रिव्ह्यू, त्याची तारीख आणि ग्रुपमधले स्क्रीनशॉट आधी जपून ठेवायला लावलेत, कारण मजकूर बदलू शकतो आणि मग आपण कशाला उत्तर दिलं तेच उरत नाही.

फोटोंचा तुकडा अवघड होता. तुम्ही विचारलंत, "पाहिले नाहीत हे सिद्ध करता येईल?" मी म्हणालो, डिस्कची नक्कल करताना एकेक फाइल उघडावी लागत नाही, सगळं आहे तसं एकगठ्ठा उतरतं. तुम्ही म्हणालात, "उघडावी लागत नाही हे समजलं. उघडली नाही हे?" नाही येत सिद्ध करता. नक्कल झाल्यावर मशीन नीट चालू होते का हे बघावंच लागतं, आणि तेवढा वेळ ती आमच्या हातात असते.

मग तुम्ही मला कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातलं एक संशोधन वाचायला दिलंत, २०२२ सालचं. संशोधकांनी गुपचूप नोंद ठेवणारे लॅपटॉप १६ दुरुस्ती दुकानांत दिले. त्यातल्या ६ ठिकाणी कारागिरांनी खाजगी माहिती उघडून पाहिली होती आणि २ ठिकाणी तर तिची प्रत काढून घेतली होती. ते वाचून मी गप्प झालो. आमचा ग्राहक उगाच बोंबलत नव्हता. आमच्या धंद्यातल्या काहींनी जे खरंच केलंय, त्याचीच भीती त्याला वाटली होती. त्यात पडद्यावर ४७६ दिसलं. एका बाबतीत फसवलं म्हणजे दुसऱ्या बाबतीतही फसवलं असणार, हा त्याचा हिशेब सरळ होता. तोवर माझ्या डोक्यात तो वैरी होता, त्या दुपारनंतर तसा राहिला नाही. त्याने 'चोर' म्हटलेलं मला आजही सहन होत नाही, पण ती वेगळी गोष्ट.

आमच्या मुलाशी तुम्ही एकट्याने बोललात, मला बाहेर बसवून. तो काय म्हणाला ते तुम्ही आजवर मला पूर्ण सांगितलेलं नाही. बाहेर येऊन एवढंच म्हणालात, "मुलगा खरं बोलतोय. उत्तराखाली तुझी सही असू दे, त्याचा उल्लेखसुद्धा नको." त्याच्या वर्णनाचा जो मजकूर होता, तेवढाच रिपोर्ट करायला सांगितलात. मूळ रिव्ह्यू नाही. तुमचं म्हणणं असं की, आपल्याला पटलं नाही म्हणून रिव्ह्यूची वेबसाइट चालवणारी कुठलीही कंपनी रिव्ह्यू काढत नाही आणि कुणाचं खरं याचा न्यायही ती करत बसत नाही. शिवीगाळ, बनावटपणा, एखाद्या माणसावर टाकलेला रोख, असं काही असेल तरच ती बघते. उगाच सगळंच रिपोर्ट केलं की खरी तक्रारही वाया जाते.

नोटिशीचं प्रकरण तुम्ही दोन वाक्यांत संपवलंत. २००३ साली बार्ब्रा स्ट्रायसँड या अमेरिकन गायिकेने स्वतःच्या घराचं हवाई छायाचित्र इंटरनेटवरून काढायला ५ कोटी डॉलरचा दावा लावला होता. दाव्याआधी ते छायाचित्र फक्त ६ वेळा डाउनलोड झालं होतं, त्यातही २ वेळा तिच्याच वकिलांकडून, आणि दाव्याची बातमी झाल्यावर महिन्याभरात ४ लाखांवर लोक ते बघून गेले. मेहुणे अजून नोटिशीचं नाव काढतात, ते सोडा. खोटं बोलून धंदा बुडवायलाच निघालेला कुणी असेल तर कायद्याचा रस्ता आहेच, तेही तुम्ही म्हणाला होतात. इथे समोर घाबरलेला ग्राहक होता. त्याला नोटीस म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पन्नास जणांच्या पाच-पाच ताऱ्यांवर मात्र तुम्ही चिडलात. तुम्हाला चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं. "त्याने तुला खोटारडा म्हटलंय, आणि तू त्याचं म्हणणं खरं करून दाखवणार?"

शेवटी जे उत्तर गेलं ते इथे देतो. ज्याला हवं त्याने उचलावं.

'नमस्कार. आपण विश्वासाने मशीन दिलीत आणि आपल्याला शंका आली, हे वाचून वाईट वाटलं. बसवलेली डिस्क ५१२ जीबीचीच आहे. विंडोजमध्ये ती ४७६ दिसते, कारण विंडोज वेगळ्या पद्धतीने मोजतं. विंडोजच्या कुठल्याही दुसऱ्या लॅपटॉपवर आकड्यांचा असाच फरक दिसेल. डिस्कवरचा सिरीयल नंबर बिलावर आहे, कृपया पडताळून पाहा. फोटोंबद्दल: काम करताना आम्हाला ग्राहकाच्या फाइल उघडाव्या लागत नाहीत. तरीही आपली शंका राहिली, तर आपल्या पसंतीच्या कुठल्याही तंत्रज्ञाकडून मशीनमधल्या नोंदी तपासून घ्या. त्याचा खर्च आम्ही देऊ, निकाल काहीही निघो. मला थेट फोन करा.' खाली माझं नाव आणि 'मालक'.

यातलं 'निकाल काहीही निघो' लिहायला माझा हात धजत नव्हता. तुम्ही म्हणालात, तेवढे तीन शब्द काढलेस तर बाकीचं उत्तर फाडून टाक.

मला बिलाचा फोटो सोबत जोडायचा होता, सगळ्यांना दिसू दे म्हणून. त्यावर ग्राहकाचं नाव आणि फोन नंबर होता. तुम्ही तो जोडू दिला नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेत एका दंतवैद्याच्या दवाखान्याला रिव्ह्यूच्या उत्तरात रुग्णाची माहिती उघड केल्यापायी १०,००० डॉलर भरावे लागले होते, हे तेव्हा तुमच्याकडून कळलं. पण दंडाची गोष्ट बाजूला ठेवली तरी, 'तुमची खाजगी माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे' हे सांगताना त्याचाच नंबर चारचौघांत लावायचा, हे किती विचित्र दिसलं असतं!

ग्राहकाचा फोन आला. बोलणं गोड झालं असं नाही. तो आला, बिल आणि डिस्कवरचा नंबर जुळवून पाहिला, स्वतःच्या भावाच्या लॅपटॉपवरचा आकडाही बघून आला होता. फोटोंसाठी दुसऱ्या तंत्रज्ञाकडे मशीन त्याने नेली, त्याचा खर्च आम्ही दिला. नंतर त्याने रिव्ह्यू बदलला. 'चोर' गेलं, डिस्कचं वाक्य गेलं, एक ताऱ्याचे तीन झाले. 'काम ठीक, आधी समजावून सांगायला हवं होतं', असं त्याने लिहिलंय. मला पाचची आशा होती. तुम्ही म्हणालात, तीन हे प्रामाणिक आहेत, राहू देत. ग्रुपांमधले जुने स्क्रीनशॉट अजून कुठे ना कुठे फिरत असतील, त्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

तुम्ही आणखी एक संशोधन सांगितलं होतंत, तेही इथे लिहून ठेवतो. ट्रिपअ‍ॅडव्हायझर या प्रवाशांच्या रिव्ह्यूंच्या वेबसाइटवर जी हॉटेलं रिव्ह्यूंना उत्तरं द्यायला लागली, त्यांचे तारे सरासरी ०.१२ ने वाढले आणि रिव्ह्यू १२ टक्क्यांनी. प्रोसर्पिओ आणि झेर्वास या दोन संशोधकांचा हा अभ्यास २०१७ साली छापून आला. वाईट रिव्ह्यू कमी आले, पण जे आले ते लांबलचक आणि तपशीलवार. मालक वाचतोय आणि उत्तर देतोय हे दिसलं की उगाच एक ओळ फेकून जाणारा विचार करतो, आणि ज्याची तक्रार खरी आहे तो नीट बसून लिहितो. आम्हाला आता दोन्ही अनुभव येतात. परवाच एकाने बिजागरीबद्दल परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

आमचा मुलगा पुन्हा टेबलावर बसतोय. मधले काही दिवस तो मागच्या खोलीतच काम करायचा, ग्राहक आला की उठून आत जायचा. एकदा तुम्ही आलात, त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवलात, पासवर्ड कागदावर लिहून त्याच्या हातात दिलात आणि भाजी आणायला निघून गेलात. त्याला काय वाटलं ते तो बोलला नाही. बोलणाऱ्यांतला नाहीच तो. मात्र दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर आलेला माणूस दिसला की तो स्वतःहून 'या' म्हणतो.

दुरुस्तीला मशीन घेताना आता आम्ही ग्राहकाला आधीच कागद देतो. त्यावर पडद्यावर दिसणारा आकडाही लिहिलेला असतो आणि त्याच्या फाइलींना आम्ही कधी हात लावू, कधी नाही, तेही. ज्याला हवं त्याने समोर बसून काम बघावं. बायकोने कागदाचा मसुदा केला, तुम्ही त्यातली अर्धी वाक्यं खोडलीत. उरलेल्या अर्ध्यांबद्दलही आभार.

आणि तुमच्या लॅपटॉपची बॅटरी आली आहे, सवडीने घेऊन या. ती फुकट बसवून देतो म्हटलं तर तुम्ही काय म्हणाल ते माहीत आहे, तेव्हा बिल होईल. वर सिरीयल नंबरही असेल, जुळवून बघालच.

तुमचा,
दुकानवाला भाऊ